साडेतीनमधला अर्धा

१

पान गेलं होतं. आणि दोनशे पानांच्या वहीतून गेलेलं पान नेमकं पहिलंच होतं.

गंधालीने वही मिटली आणि पुन्हा उघडली, जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर पान लाजून परत येईल. आलं नाही. शिवणीजवळ बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. तिच्यापुढचं पान बाबाच्या तिरक्या, घाईच्या अक्षरात सुरू होत होतं : ‘म्हणून नाव साडेतीन. आता कामाला लागा.’

“म्हणून?” निधी म्हणाली. “म्हणून म्हणजे कशामुळे?”

हाच तर प्रश्न होता.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खालच्या मजल्यावर प्लास्टिकचे डबे बनायचे आणि वरच्या मजल्यावर गेम. तेरा वर्षांपूर्वी यज्ञेश परब आणि त्याच्या दोन मित्रांनी, सौरभ आणि अनिरुद्धने, इथे ‘साडेतीन गेम्स’ सुरू केली होती. जुलैतल्या एका मंगळवारी जेवणानंतर यज्ञेश खुर्चीत मागे टेकला तो टेकलाच. एकेचाळीस वर्षांचा होता. गंधाली त्याची एकुलती एक मुलगी, दहावीतली. आता एक मोठी कंपनी या छोट्या कंपनीला विकत घेत होती आणि निधी त्या मोठ्या कंपनीकडून आली होती.

निधी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “मला नाव आवडतं, गंधाली. पण आमचे वरचे लोक विचारतात, साडेतीन म्हणजे काय? तेरा वर्षांत दोन मुलाखतींत दोन वेगळी उत्तरं दिलीत तुम्ही लोकांनी. खरी गोष्ट द्या, लोकांना सांगता येईल अशी. सोमवारी अकराला ठरतंय. नाहीतर नाव बदलेल.”

शुक्रवार संध्याकाळ होती.

गंधालीला बाबाचं बाकी सगळं एकेक करून जाताना दिसलं होतं. शर्ट कोणाला तरी दिले, फोन नंबर बंद झाला, उशीचा वास गेला. दारावरची पाटी तेवढी शिल्लक होती. म्हणून तर ती कपाटातली वही छातीशी धरून रिक्षाने आली होती. सगळी गोष्ट पहिल्या पानावर असणार याची तिला खात्री होती.

तिने मान वर केली. अनिरुद्धकाका खिडकीबाहेर बघत होता. सौरभकाका मात्र त्या कापलेल्या पट्टीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सुटका होती.

“बरं झालं,” तो पुटपुटला.

२

चार महिन्यांपूर्वीची गंधाली असती तर ऐकून गप्प बसली असती. वर्गात हजेरीला ‘येस टीचर’ म्हणतानाही तिचा घसा बसायचा. बाबाने जूनमध्ये मागे लागून तिला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत उतरवलं, रोज रात्री जेवल्यावर गच्चीत उभं करून बोलायला लावलं. “सगळं सांगून टाकायचं नसतं गं. थांबायचं कुठे ते कळलं की माणूस वक्ता,” असं म्हणायचा. ऑगस्टमध्ये ती पहिली आली. ऐकायला बाबा नव्हता. पण घसा सुटला तो सुटला.

“सौरभकाका, काय बरं झालं?”

“काही नाही गं. जुनी वही, वाळवी लागते.”

“वाळवी सरळ रेषेत खाते?”

सौरभकाकाने पाण्याची बाटली उघडली, प्यायला नाही, बंद केली. “नावात काही भानगड नाही. साडेतीन मुहूर्त. दसऱ्याला ऑफिस उघडलं, म्हणून साडेतीन. आजीला विचार, दर दसऱ्याला येतात की नाही पूजेला?”

“आणि मुलाखतीत अनिरुद्धकाका म्हणाला होता की दुपारी साडेतीनला तुम्हाला पहिल्या गेमची कल्पना सुचली.”

“हो, तेही,” अनिरुद्धकाका खिडकीतूनच म्हणाला. “चहाची वेळ.”

“मग लोगोत घड्याळ का नाही? लोगो तर तूच काढलायस.”

लोगो दारावर होता : स्टीलच्या चार उभ्या पट्ट्या. तीन उंच आणि चौथी बुटकी. अनिरुद्धकाकाने त्याकडे बघायचं टाळलं आणि चष्मा पुसायला घेतला. इतका वेळ की काच झिजावी.

“तू बापावर गेलीस,” तो म्हणाला. “डोकं खायचा तोही.”

ही मस्करी होती, पण हसलं कोणीच नाही.

वही जुलैत बाबाच्या ऑफिसबॅगेतून घरी आली होती आणि तेव्हापासून कपाटात होती. त्या कपाटापर्यंत पोचलेली माणसं चारच. लॅपटॉप न्यायला आलेला सौरभकाका, जुनी चित्रं शोधायला आलेला अनिरुद्धकाका, आई आणि आजी. गंधालीने मनातल्या मनात चौघांना एका रांगेत उभं केलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. या चौघांशिवाय तिचं जगात होतं कोण?

निघताना तिने दाराजवळची छोटी पितळी पट्टी पाहिली. हजारदा पाहिली होती, वाचली आज पहिल्यांदा. ‘स्थापना : १३ ऑक्टोबर २०१२.’

त्या वर्षी दसरा तेराला होता का?

३

बोरिवलीच्या घरात आजी स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून फडताळाच्या कप्प्यांत घालायला पेपर कापत होती. कात्री तिने आयुष्यात वापरली नाही. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर तिने वाण्यांसाठी कागदी पिशव्या करून घर चालवलं होतं; तेव्हापासूनची पद्धत. कागद दुमडायचा, घडीत दोरा घालायचा, एका तळव्याने दाबायचं आणि दुसऱ्या हाताने सर्रकन ओढायचं. “कात्री हातास चावते,” ती म्हणायची.

“आजी, २०१२ सालचं कॅलेंडर असेल का गं?”

“नसायला काय झालं? माळ्यावर गठ्ठा आहे. कित्याक?”

आजी कॅलेंडरं टाकत नसे. दूध कधी चुकलं, सिलिंडर कधी लागला, सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं असे. गंधालीने हॉलमधल्या माळ्याखाली स्टूल ओढलं. मागून आई आली, ऑफिसची पर्स खांद्यालाच.

“ती निधी मला फोन करत होती,” आई म्हणाली. आईचं नाव सुलक्षणा; बाबा गेल्यापासून ती प्रत्येक वाक्य दमून पूर्ण करायची. “मी सांगितलं तिला. तू माझ्या पोटात होतीस. बाबा, मी, आजी, आणि अर्धी तू. म्हणून साडेतीन.”

गंधाली माळ्याला हात लावून थांबली. तिला हे फार हवं होतं. तो अर्धा मी असेन तर? बाबाने माझ्यासाठी नाव ठेवलं असेल तर?

पण हिशेब जमत नव्हता. “आई, मी तेव्हा तीन वर्षांची होते गं.”

आई पर्स काढून बसली. “माहितीये. त्याने मला कधी सांगितलंच नाही. लग्नाला सतरा वर्षं, आणि एवढीशी गोष्ट नाही सांगितली. विचारलं की हसायचा आणि उठून पाणी प्यायला जायचा. मला वाटलं, निदान तुला तरी बरं वाटेल.”

गंधाली गठ्ठ्यातलं कॅलेंडर घेऊन खाली उतरली आणि आईजवळ बसली. स्वयंपाकघरातून दोऱ्याचा आवाज येत होता. सर्रक. सर्रक.

मग तिने कॅलेंडर उघडलं. २०१२. ऑक्टोबर. दसरा चोवीस तारखेला होता. सौरभकाका खोटं बोलला होता. तेरा तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलं होतं : भाद्रपद वद्य त्रयोदशी. म्हणजे पितृपक्ष.

पितृपक्षात आजी नवीन झाडूसुद्धा घरात आणू देत नाही. आणि तिच्या मुलाने त्या पंधरवड्यात कंपनी उघडली? आईला न सांगता, खोटा दसरा करून?

हा दिवस चुकून पडला नव्हता. कोणीतरी गेलेलं होतं, आणि हा दिवस त्याचा होता.

४

तळमजल्यावर धोंडू आजोबा राहायचे. बसमध्ये कंडक्टर होते, तीस वर्षं उभं राहून नोकरी केली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही खुर्चीत फारसे बसायचे नाहीत. शनिवारी सकाळी ते सोसायटीच्या गेटशी उभे राहून पेपर वाचत होते. गंधाली वही घेऊन त्यांच्याकडे गेली त्याचं कारण असं : रात्री टेबललॅम्पखाली वही तिरपी धरली तेव्हा ‘म्हणून’च्या आसपास तिला डाग दिसले होते. चार छोटे, लांबट, फिकट डाग. तीन जांभळट, एक हिरवट. आणि प्रत्येकात एक बारीक कोरा गोल, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा. गेलेल्या पानाच्या मागच्या बाजूला काहीतरी चिकटवलेलं होतं आणि मिटल्या वहीत त्याचा रंग समोरच्या पानावर उतरला होता. तिने मैत्रिणींना फोटो पाठवले. एकीने लिहिलं स्टिकर, दुसरीने लिहिलं औषधाच्या गोळ्या.

धोंडू आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही नाकाशी नेली.

“अगो, ही तिकिटं,” ते म्हणाले.

“कसली?”

“बसची, कसली काय. आमच्या वेळची, कागदाची. मशीन नव्हतं तेव्हा. कागद असा पातळ, ओली खळ लागली की रंग सोडायचा. आणि हा गोल बघ, हे पंचाचं भोक. भोकात कागदच नाही, तर रंग उतरेल कुठून?” त्यांच्या अंगठ्याने नकळत हवेतच दोनदा टकटक केलं. “कुठे मिळाली?”

“बाबाच्या वहीत होती. आता नाहीत. आजोबा, तीन एका रंगाची आणि चौथं वेगळ्या रंगाचं का?”

“भाव वेगळा तर रंग वेगळा. चौघं एकत्र चढली, एकाच ठिकाणी उतरली असं धरू. तिघांचा भाव एक, चौथ्याचा कमी.” त्यांनी वही तिच्या हातात परत दिली. “सोपं आहे. तीन फुल, एक हाफ.”

तीन आणि अर्धा.

“हाफ कोणाला मिळायचं?”

“बारा वर्षांच्या आतलं पोर. दुसरं कोणाला?”

तीन मोठी मुलं आणि एक लहान मूल. तिघं कोण ते तिला कळलं होतं. शाळेपासूनचे दोस्त, यज्ञेश, सौरभ, अनिरुद्ध.

चौथं पोर कोणाचं?

५

अनिरुद्धकाका खारदांड्याला एका खोलीत एकटा राहायचा. रविवारी सकाळी गंधाली पोचली तेव्हा बाहेर दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि काका दारात बसून मांजराला पोहे खाऊ घालत होता.

“मांजर पोहे खातं?”

“माझ्या हातचे खातं. म्हणून तर सांभाळलंय.” त्याने सरकून जागा केली. “एकटी आलीस? आईला माहितीये ना?”

“माहितीये. काका, लोगोतली चौथी पट्टी अर्धी नाहीये.”

“मग काय आहे?”

“अर्धी दाखवायची असती तर तू ती मधून कापलेली काढली असतीस. टोक तुटकं ठेवलं असतंस. पण तिचं टोक वरून गोल आहे, बाकीच्या तिघींसारखंच. ती पूर्ण आहे. फक्त बुटकी आहे. ते लहान मूल आहे.”

काकाच्या हातातला पोह्यांचा घास तसाच राहिला. मांजराने पंजा मारून आठवण केली.

गंधाली थांबली नाही. तिकिटं सांगितली, त्रयोदशी सांगितली. “आणि एक. तुमच्या प्रत्येक गेममध्ये कुठल्यातरी कोपऱ्यात लाल स्टूल असतं. काही कामाचं नसतं. इंटरनेटवर लोक भांडतात त्यावरून. मीही बाबाला विचारलं होतं. तो म्हणाला, असू दे, कोणाला लागलं तर.”

अनिरुद्धकाकाने मान खाली घातली. मांजराच्या पाठीवरून हात फिरवला.

“आमची चूक काय झाली सांगू?” तो म्हणाला. “खरं कोणाला सांगायचं नाही अशी यज्ञेशने आम्हा दोघांना शपथ घातली. पण खोटं काय सांगायचं ते ठरवायचं राहून गेलं. सौऱ्याने मुहूर्त लावला, मी चहा लावला. मूर्ख आहोत आम्ही.”

“पान तू घेतलंस?”

“नाही.”

“सौरभकाकाने?”

“त्यालाही नाही माहीत कोणी घेतलं. तो म्हणाला बरं झालं, कारण शपथ वाचली.” त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. “मला नाव विचारू नकोस, गंधाली. तुझा बाप जिवंत असता तर मी सांगितलं असतं. मेलेल्याची शपथ मोडता येत नाही. तू एवढी हुशार आहेस ना? घरी जा. तुमच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत. कोणाचा नाहीये ते बघ.”

६

नसलेला फोटो कसा बघायचा?

हॉलमधल्या भिंतीवर आजोबा होते, पणजी होती, गावचे दोन काका होते, आणि शेवटी जुलैपासून बाबा. सगळ्यांना हार. गंधाली समोर उभी राहिली. फोटो लावतात तो मोठ्या माणसांचा. लहान लेकरू गेलं तर त्याचा फोटो भिंतीवर लावत नाहीत, त्याचं नाव पुन्हा कोणाला ठेवत नाहीत, हे तिने आजीच्याच तोंडून एकदा ऐकलं होतं, शेजारच्या बाईंशी बोलताना, अगदी हळू.

आणि मग तिला लिमलेटच्या गोळ्या आठवल्या.

दर पितृपक्षात आजी गच्चीत कावळ्याला दोनदा पान ठेवायची. एकदा षष्ठीला, आजोबांचं. त्यावर वडे असायचे आणि कपभर चहा. दुसऱ्यांदा अमावास्येच्या दोन दिवस आधी. त्या पानावर भात, आणि भातावर दोन नारिंगी लिमलेटच्या गोळ्या. “ह्या कोणाला गं?” गंधालीने लहानपणी विचारलं होतं. “तुझ्या आजोबांस आवडायच्या,” आजी म्हणाली होती. आजोबांना डायबेटिस होता. आणि अमावास्येच्या दोन दिवस आधी म्हणजे त्रयोदशी. मुलं गेलेल्या घरांचा दिवस.

तिने वहीतल्या उरलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. ब्लेडने कापलेली कडा बोटाला लागते. ही लागत नव्हती. ही मऊ होती, कापसासारखी लव सुटलेली. दोऱ्याने कापल्यावर सुटते तशी.

सर्रक.

ती स्वयंपाकघरात गेली. आजी तांदूळ निवडत होती. गंधालीने फडताळ उघडलं, डबे एकेक करून खाली ठेवले आणि सगळ्यात वरच्या कप्प्यातला नवा पेपर उचलला. मागून ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

पेपरखाली पान होतं. पानाखाली एका परकर-पोलक्यातल्या मुलीचा फोटो. दोन वेण्या, पुढचा एक दात नाही, आणि ती लाल स्टुलावर उभी. हुबेहूब गंधालीची जिवणी.

“अनू,” आजी म्हणाली. “अनुपमा. तुझी आत्या.”

गंधालीने पान वाचलं.

‘सांताक्रूझ ते अंधेरी. मी, सौऱ्या, अन्या आणि अनू. दर रविवारी व्हिडिओ गेमच्या पार्लरला. तीन फुल, एक हाफ. अनूचा हात बटणांपर्यंत पोचायचा नाही म्हणून पार्लरवाल्याने तिच्यासाठी लाल स्टूल आणलं, आणि मग ती आम्हा तिघांना हरवायची. कंडक्टरने हाफ म्हटलं की भांडायची. मी अर्धी आहे का? मी म्हणायचो, बारा पूर्ण कर, तुझं फुल तिकीट मी काढतो. तिने अकरावंही पूर्ण केलं नाही. आईला चालणार नाही, म्हणून कुठे लिहिणार नाही, कोणाला सांगणार नाही. पण पाटीवर ती रोज राहील.’

मागे चार तिकिटं. तीन जांभळी, एक हिरवं.

आई दारात येऊन उभी होती. कधी आली कोणाला कळलं नाही.

आजी जमिनीकडे बघत बोलत होती. “त्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, नको नेऊ. तिनेच हट्ट केला, हा घेऊन गेला. संध्याकाळी ताप. चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच गेली. ताप डोक्यात चढला, डॉक्टर म्हणाले, खेळायला नेलं नसतं तरी गेली असती. मला ऐकूच आलं नाही ते. सोळा वर्षांचा होता तो. मी त्याला म्हटलं, तुझ्या खेळाने खाल्ली तिला. ह्या घरात तिचं नाव काढायचं नाही.” तिने पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. “नाही काढलं त्याने. एकदाही नाही. आणि आयुष्यभर खेळच करत बसला. मला राग यायचा गो. म्हणायचे, ह्याला काळीज नाही. तेरा दसरे त्या पाटीखालून आत गेले, नारळ फोडले, आणि मला दिसलं नाही.”

“मग पान का घेतलंस, आजी?”

“बॅगेत वही होती. त्याच्या तेराव्याच्या दिवशी उघडली.” आणि मग ती तिच्या गावच्या बोलीत गेली, फार खोल दुखलं की जायची तशी. “माका वाटलां, माझो झील अनूक इसारलो. झील इसारूक नाय गो. आता कोणाक सांगू?”

त्याला सांगायचं होतं तिला, आणि तो भिंतीवर हारात होता.

७

रविवारी रात्रभर गंधालीच्या डोक्यात भाषण तयार होत होतं. तिला माहीत होतं, ही गोष्ट सांगितली की निधी रडेल, वरचे लोक रडतील, नाव राहील. बाबाची पाटी राहील. एवढंच तर तिला हवं होतं.

सकाळी तिने आजीला विचारलं, “सांगू का?”

आजी म्हणाली, “तुझ्या बापाची पाटी. तू सांग. मी नाही म्हणणार नाही.” आणि काल निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसली.

अकरा वाजता चौघांच्या ऐवजी सहा जण टेबलाभोवती होते. आई आणि आजीही आल्या होत्या. निधीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हळूच विचारलं, “सापडली गोष्ट?”

“सापडली,” गंधाली म्हणाली. आवाज स्वच्छ होता. “खरी आहे. सगळ्यांना आवडेल अशीही आहे. लोगो, नाव, ते लाल स्टूल, सगळं तिच्यात बसतं.”

सौरभकाकाने डोळे मिटले. आजी ताठ बसली होती, इंजेक्शनला बसावं तशी. गंधालीला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं. ते जिभेवर आलं. आणि तिला गच्ची आठवली.

थांबायचं कुठे.

“पण ती लोकांना सांगायची नाहीये,” ती म्हणाली. “ज्याने नाव ठेवलं त्याने ती तेरा वर्षं एका माणसासाठी जपली. सॉरी, निधीताई.”

निधीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग फोन उचलून रेकॉर्डिंग बंद केलं. “नाव जाईल मग,” ती म्हणाली. “मी प्रयत्न करेन, पण जाईल.”

“माहितीये.”

आता मात्र तिला रडू आलं, आणि ते तिने वक्त्यासारखं नाही, दहावीतल्या मुलीसारखं रडून घेतलं. सौरभकाका उठला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याला तेरा वर्षं धड खोटंही सुचलं नव्हतं, तर खरं कुठून सुचणार.

पुढच्या आठवड्यात पाटी उतरली.

८

त्या दिवशी तिघी गेल्या होत्या. अनिरुद्धकाकाने स्क्रू काढून चौथी पट्टी, बुटकी, वेगळी केली, रुमालाने पुसली आणि आजीच्या हातात दिली. “काकी, ही तुमची,” एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून जिना उतरून गेला.

घरी परतायला बस मिळाली. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी. आई आणि गंधाली एका सीटवर बसल्या, आजी पुढच्या सीटवर. खिडकीजवळची जागा तिने सोडली होती. तिथे ती स्टीलची पट्टी उभी टेकवून ठेवली होती, पडू नये म्हणून एक हात तिच्यावर.

कंडक्टर मशीन घेऊन आला. “बोला आजी, किती?”

गंधालीने पाकीट उघडलं, पण आजीने हाताने थांबवलं. स्वतःच्या कनवटीची नोट काढली.

“चार फुल,” ती म्हणाली.

कंडक्टरने मोजलं. “तिघीच आहात की. चौथं कोणाचं?”

आजी खिडकीकडे बघत होती. बाहेर चारकोपचा नाका मागे पडत होता.

“माझ्या चेडवाचा,” ती म्हणाली. “मोठी झाली ती. आता हाफ चलाचा नाय.”